दामल्यांची मेंबरशिप

परदेशात मुलाकडे राहायला आलेली तीन म्हातारी माणसं एका बाकावर बसू लागली, की आठवड्याभरात राजकारण संपतं, महिन्याभरात सुना संपतात आणि मग उरतात ती दुखणी. दुखण्यांचं एक बरं असतं, ती संपत नाहीत. त्यामुळे किस्सेही संपत नाहीत. सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे तिथल्या भाषेत व्हॉइड डेकवर, असे किती जमले, याची नोंद मी ठेवलेली नाही. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोंदीच ठेवल्या. त्यामुळे एकही कालवा वेळेवर झाला नाही.

बाकावर मी, नागपूरचे निवृत्त शिक्षक कांबळे गुरुजी आणि पुण्याचे विधुर दामले. सार्सची साथ सरून दोनेक वर्षं झाली होती. तिघेही व्हिजिट पासवर, म्हणजे सरकारी सवलत नाही. आजारी पडायचं ते मुलाच्या खिशातून. गुरुजींना खोकला होता, माझ्या पायात गोळे यायचे. पण खरं दुखणं माझ्या बायकोचं. तिला दम लागायचा.

*

पहिला डॉक्टर मार्केटशेजारचा. दीड तास बसवून त्याने तिला तीन मिनिटांत मोकळं केलं. ती "दम लागतो" इथवर पोचली तोवर औषधांची पिशवी तयार! आत खोकल्याची बाटली.

"अहो, पण खोकला गुरुजींना आहे," बायको म्हणाली.

बाटली गुरुजींनी नेली. गुण आला नाही.

"वर्गात हजेरीसुद्धा मी यापेक्षा सावकाश घ्यायचो!" गुरुजी म्हणाले.

*

दामल्यांचा मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याने वडिलांना शहरातल्या एका क्लिनिकची मेंबरशिप घेऊन दिली. वर्षाची फी एकदम भरायची. मग हवं तेव्हा जा, अर्धा अर्धा तास बोला, वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या. काउंटरवरची मुलगी दामल्यांना म्हणाली, "अंकल, आमच्या डॉक्टर तुम्हाला माणूस म्हणून ओळखतील."

"सत्तर वर्षांत कोणी ओळखलं नाही," दामले आम्हाला म्हणाले, "आता फी भरून बघू!"

मीही फोन करून चौकशी केली. साठीच्या वर फी जास्त. आधीचा आजार असेल तर आणखी जास्त. थोडक्यात, डॉक्टरची गरज जितकी कमी तितका डॉक्टर स्वस्त.

मुलगा म्हणाला, "बाबा, भरू या ना." बायको म्हणाली, "काही नको. वयामुळे लागतो दम." मी तिच्या बाजूने मत दिलं. सरकारी नोकरीत एवढंच शिकलो होतो, की खर्चाला नाही म्हणणारा माणूस कधी चुकत नाही.

*

कल्पना गुरुजींची.

"दामले, त्या अर्ध्या तासात तुम्ही सांगता तरी काय?"

"माझं पाच मिनिटांत संपतं हो. मग बाई माझ्याकडे बघतात, मी बाईंकडे."

"मग माझा खोकला सांगा की!"

पण दामल्यांना खोकताच येईना. गुरुजींनी बाकावर त्यांची तयारी करून घेतली. "असा नाही, ओला होतोय. कोरडा काढा. हं, पुन्हा!" समोर ताई चीचा व्यायाम करणाऱ्या चिनी आजीबाई दहा पावलं लांब सरकल्या.

दामले पास झाले. औषध गुरुजींनी घेतलं आणि आठ दिवसांत खोकला गेला! निदान अचूक होतं. फक्त रुग्ण वेगळा.

*

मग कामाला शिस्त लावली ती मी. प्रत्येक दुखण्याची चिठ्ठी करायची. "विषय: रात्री पोटऱ्या वळणे. संदर्भ: मागील महिन्यातील गोळ्या." दामले शहरात जाताना एमआरटीच्या गाडीत बसून पाठ करत.

जूनमध्ये बायकोची चिठ्ठी केली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. रस्त्यावरच्या पादचारी पुलाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतं. झोपताना दोन उशा लागतात. संध्याकाळी पाय सुजतात.

डॉक्टरीणबाईंनी दामल्यांचे पाय पाहिले. "सूज नाही," त्या म्हणाल्या.

"संध्याकाळी येते," दामले म्हणाले.

ईसीजी, एक्स-रे, रक्त, सगळं झालं. शेवटी दामल्यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं. ते पळाले! रिपोर्ट आला, चाळिशीतल्या माणसाचं हृदय.

आम्ही हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जाऊन कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यालो. गुरुजींनी बायकोला हात जोडले. "वहिनी, अभिनंदन!" त्या दिवशी यात हसण्यासारखं कोणालाच काही दिसलं नाही. परीक्षेला बसले दामले आणि पास झाली ती. दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या पिशव्या ती पुन्हा स्वतः उचलू लागली. मी उचलू दिल्या.

*

एकदा दामले क्लिनिकमधून आले ते रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. बाईंनी विचारलं होतं, "अंकल, घरी कोणी बोलतं का तुमच्याशी?" तपासण्यांत काही निघत नाही, तेव्हा हे मनाचं असणार, असं बाईंना वाटलं. दामले बायको गेल्याचं सांगत बसले. अर्ध्याचा पाऊण तास झाला. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.

"माफ करा भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "आज तुमचं कोणाचंच विचारायचं राहिलं!"

त्या वर्षात ते स्वतःसाठी गेले, ते एवढंच.

*

नोव्हेंबरात मुलगा, नात आणि आम्ही दोघं पूल चढत होतो. बायको मधल्या पायरीवर बसली. नात म्हणाली, "आजी, यू ब्रीद सो लाउड लाह!" मुलाने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच दिवशी त्याने दामल्यांच्या क्लिनिकची फी भरली. आजीची, पूर्ण.

फॉर्म मी भरला. "या तक्रारीसाठी पूर्वी डॉक्टरांना दाखवलं आहे का?" मी लिहिलं, नाही.

बाईंनी खरंच सगळं ऐकून घेतलं. बायको मराठीत सांगत होती, मी इंग्रजीत. पूल. दोन उशा. सुजलेले पाय. बाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. "विचित्र आहे," म्हणाल्या. "माझे एक वृद्ध पेशंट आहेत. शब्दन् शब्द हेच सांगत होते. सगळं तपासलं, काही निघालं नाही." मग फॉर्मवर नजर टाकून जरा रागानेच त्यांनी विचारलं, "आंटी, इतके महिने डॉक्टरला का नाही सांगितलं?"

मी भाषांतर केलं.

बायको थोडा वेळ श्वास गोळा करत बसली. मग मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, बाई, जूनमध्येच सांगितलं होतं की तुम्हाला."