ठळक अक्षरांतली पत्रं

कॉलेजचा मेल सांभाळणारी कंपनी सेवा बंद करणार म्हटल्यावर प्राचार्यांनी आपला सर्व्हर उभारायचं काम माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी कॉम्प्युटर शिकवतो! सर्व्हर झाला. पत्रं ब्राउझरमध्ये वाचायला वेबमेल हवं होतं. ओपन सोर्समधली फुकटची तीन उतरवून घेतली. पहिलं देखणं, पण आमच्या नेटवर उघडता उघडेना. दुसरं चपळ, पण मराठी जोडाक्षरांची मोडतोड करायचं. तिसरं दिसायला साधंच, पण कामाचं. जुनी सगळी पत्रं त्यात आणली आणि दोन दिवस एकेक उघडून अक्षरं तपासली. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी.

तिसऱ्या दिवशी कार्यालयातले भाऊसाहेब, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, स्क्रीन बघून मटकन खाली बसले.

"सर, ह्ये काय करून ठिवलं तुम्ही? माझी काळी अक्षरं कुठं गेली?"

त्यांची पद्धत मला तेव्हा कळली. पत्र वाचलं की ते पुन्हा 'न वाचलेलं' करून ठेवायचे. काम उरकेपर्यंत ते ठळक अक्षरांत राहायचं. ठळक म्हणजे बाकी. वही नाही, यादी नाही. आणि मी तर सगळीच पत्रं उघडून बसलो होतो.

"एका पोरीच्या पात्रतेचं विद्यापीठाचं पत्र हुतं त्यात. बोर्डाचा मूळ दाखला धाडायचा हुता. तारीख आजची का कालची, ध्यानात न्हाय. नावबी आठवंना."

'पात्रतेबाबत' विषयाची पत्रं शेकड्यानं होती. मी एका कॉम्प्युटरवर, ते दुसऱ्यावर, शोधत सुटलो. भाऊसाहेब मधेच माझ्याकडं असं बघायचे, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

दुपारी सापडलं. मुदत काल संध्याकाळी संपली होती. हे पत्र परवा मीच उघडलं होतं आणि समाधानानं बंद केलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. विद्यापीठात फोन करून अक्षरशः हातापाया पडलो. पात्र विद्यार्थ्यांची यादी पुढं गेली, तिला यंदा परीक्षेला बसता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

"तुम्हीच सांगा तिला, सर. माझ्यानं व्हायचं न्हाय," भाऊसाहेब म्हणाले.

लोहाऱ्याजवळच्या तिच्या गावी फोन लावला. आईनं उचलला. कॉलेजातून सर बोलतायत म्हटल्यावर बाईंचा आवाज फुलला.

"हाय की घरीच. दार लावून अभ्यासाला बसलीय. पेपर तोंडावर आल्यात म्हणून जेवायलाबी उठंना. बोलवू का?"

"बोलवा," मी म्हणालो.