शैलाताईंचा पालथा घडा

शैलाताई रणपिसे यांच्या घरी हात धुवायला गेलेला माणूस लवकर बाहेर येत नसे. बेसिनवर साबणाचं पोस्टर, आरशाशेजारी दात घासण्याचं, दाराच्या आतल्या बाजूला डेंग्यूचं. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा सगळं वाचून बाहेर येईपर्यंत पोळ्या निवल्या होत्या. "वाचलंस ना? कुठे अडलीस?" त्यांनी वाढता वाढता विचारलं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

नोएडातल्या आमच्या लहानशा ऑफिसात आरोग्याची पोस्टरं तयार होत. कधी सरकारी खातं काम देई, कधी एखादी संस्था. मी पुण्याहून नुकतीच आलेली आणि शैलाताई तिथल्या सर्वांत जुन्या. चित्रंही त्यांची आणि हिंदी मजकूरही त्यांचाच. प्रत्येक नवं पोस्टर छापायच्या आधी त्यांच्या घरी लागे, कारण घरी काका, म्हणजे त्यांचे यजमान, होते. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय गोड बोलणारे आणि कुणाचंही न ऐकणारे. "यांनी ऐकलं ना, तर अख्खी दिल्ली ऐकेल," असं शैलाताई म्हणत आणि आल्यागेल्याला त्यांची ओळख 'आमचा पालथा घडा' अशी करून देत.

काकांना ही पदवी आवडत असावी, कारण ती टिकवण्यासाठी ते बरीच मेहनत घेत. हात धुण्याचं पोस्टर त्यांना तोंडपाठ होतं. ते हातवारे करून म्हणून दाखवायचे आणि तसेच कोरडे हात पँटला पुसून पानावर बसायचे. मीठ कमी खा सांगणाऱ्या पोस्टरखालीच त्यांची मिठाची डबी असे. कूलरचं पाणी दर आठवड्याला बदला, हे पोस्टर तर त्यांनी कूलरमागची फट बुजवायला वापरलं. शैलाताई कपाळावर हात मारत, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन निमूटपणे मजकूर बदलायला बसत. वाचणाऱ्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. "माणूस चुकला असं म्हणायचं नाही. आपलं वाक्य चुकलं."

कूलरचं पोस्टर त्यांनी बदललं ते असं: 'आज इतवार है. कूलर खाली किया?' एवढंच. मी म्हटलं, यात डेंग्यूचं नावसुद्धा नाही. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. "पोस्टर म्हणजे प्रवचन नाही ग. एकच काम सांगायचं, आणि ते वाचणाऱ्याला उभ्या उभ्या करता आलं पाहिजे. सल्ला काय, कोणीही देतं." त्या उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीत रविवारी सकाळी गॅलऱ्यांतून बादल्यांचे आवाज येऊ लागले. काका मात्र रविवारी उशिरापर्यंत झोपत.

मग एका दिवाळीनंतर धुराचं काम आलं. दिवाळी झाली की दिल्लीची हवा घशात अडकायला लागते, समोरची इमारत दिसेनाशी होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. मजकूर वरूनच ठरून आला होता: 'ज़रूरी न हो तो घर से न निकलें.' शैलाताईंनी चित्र काढलं आणि नेहमीप्रमाणे कच्चा कागद घेऊन लोकांना दाखवायला निघाल्या. मी बरोबर होते. नोएडाच्या एका चौकात सकाळी मजुरीला जाणारी बायामाणसं उभी असतात, ठेकेदार येऊन त्यांना घेऊन जातो. तिथल्या एका बाईने कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि शैलाताईंकडे पाहिलं.

"मैडम, तो काम पे न जाएँ?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला काय करायचं ते हवं होतं, आणि पोस्टर घेऊन आलेल्या बाईला ते माहीत असणार असं ती धरून चालली होती. शैलाताईंनी कागद परत घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात टेम्पो आला, बाई चढून गेली.

ऑफिसात येऊन त्यांनी खालची ओळ खोडली. मास्क लिहून पाहिला, तोही खोडला. विटा वाहताना तोंड बांधून दम कसा पुरेल, म्हणाल्या. दोन-तीन दिवस त्या त्याच कागदाशी बसल्या होत्या. शेवटी मीटिंगमध्ये त्यांनी पोस्टर मांडलं ते खाली कोरी जागा ठेवूनच. आमच्या ऑफिसच्या सरांनी विचारलं, हे काय? "त्यांना करता येईल असं काम मला सापडलं नाही, सर," एवढंच त्या म्हणाल्या. सर समजूतदार होते. काम वेळेत द्यायचं होतं, त्यांनी जुनीच ओळ घालून छापायला पाठवली. शैलाताईंना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात काकांना दम लागणं वाढलं. छाती पूर्वीपासून नाजूक होतीच. डॉक्टर म्हणाले, थंडीपुरतं यांना दिल्लीबाहेर न्या. पुण्याला शैलाताईंचे धाकटे दीर बोलावत होते, पण तोवर काकांची अवस्था जिना उतरण्याचीही राहिली नव्हती. आणि आयुष्यात पहिल्यांदा काका सांगितलेलं ऐकू लागले. सकाळचं फिरणं बंद केलं. दूध आणायला जाणं बंद केलं. खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, घरातसुद्धा मास्क लावून बसू लागले. हवा साफ करणारं यंत्र रात्रंदिवस घुमत होतं. मी भेटायला गेले तेव्हा ते थांबत थांबत शैलाताईंना म्हणाले, "अगं, अजून काय करायचं ते सांग. बिल्कुल करतो." शैलाताई त्यांची शाल सारखी करत राहिल्या.

शैलाताईंच्या ख्रिस्ती घरात दर नाताळला होणाऱ्या करंज्या त्या वर्षी झाल्या नाहीत. काका त्याआधीच गेले.

महिनाभराने मी त्यांच्याकडे गेले. खिडक्या उघड्या होत्या. आता कोणासाठी लावायच्या, असं त्या म्हणाल्या. चहा झाला. मग काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या म्हणाल्या, "जन्मभर पालथा घडा म्हणून चिडवलं ग मी यांना. या वेळी घडा सुलटा झाला होता. माझ्याकडेच ओतायला काही नव्हतं."

तुमचं काही चुकलं नाही, असं म्हणणार होते, पण त्यांना तो सल्लाच वाटला असता. मी उठले, बेसिनपाशी गेले. साबणाचं पोस्टर अजून तिथेच होतं. त्यावर दाखवलं होतं तसे, बोटांच्या बेचक्यांसकट, मी हात धुतले.