आधी समोरच्याची बाजू

आमच्या बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या घरात भांडायला परवानगी आहे, पण एका अटीवर. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, तीही अशी की ऐकून त्याने "सरी" म्हटलं पाहिजे. म्हणजे, बरोबर, हेच मला म्हणायचंय. मग आपली बाजू. ही अट घालणाऱ्या वसुमतीअक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या त्या शिकवणं बरोबर घेऊनच.

मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हा सगळा प्रकार म्हणजे शुद्ध छळ वाटला. भांडण कसं गरमागरम करायचं असतं! दुसऱ्याची बाजू मांडेपर्यंत ते गार होऊन जातं. "होऊ दे की गार," अक्का म्हणायच्या. भाजी निवडता निवडता त्या मला तर्कदोष शिकवायच्या. मुद्दा सोडून माणसावर घसरणं हा एक. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून त्यावर त्याला झोडपणं हा दुसरा, त्याला त्या बुजगावणं म्हणत. मला ही नावं भलतीच आवडली. कुणी तोंड उघडलं की मी चूक पकडायला टपलेलीच. माझा नवरा प्रणीत तर माझ्यासमोर मत द्यायलाच घाबरू लागला.

त्या हिवाळ्यात माझी आई बाथरूममध्ये पडली. साताऱ्यात ती एकटीच राहायची. मी ठरवलं, तिला इथे आणायचं, कायमची. खालची खोली रिकामी होती आणि प्रणीतही तयार होता. सासरे, म्हणजे अण्णा, नाही म्हणाले.

रविवारी सकाळी अक्का अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा विषय पुन्हा निघाला.

"आज आई येणार, उद्या मावशी, परवा सगळा सातारा," अण्णा म्हणाले.

"ही घसरगुंडी झाली," मी म्हटलं. "पहिल्या पायरीवरून थेट तळाला."

"आपल्यात मुलीच्या घरी आई कायमची राहत नाही. कधी ऐकलं नाही असं."

"आजवर झालं नाही म्हणून पुढे होऊ नये, हा काही पुरावा नाही."

"मग एक काय ते ठरव. तुझी आई, नाहीतर या घराची शांतता."

"दोनच वाटा दाखवायच्या आणि तिसरी लपवायची! हाही दोषच."

एकूण एक मुद्दा मी खोडून काढला. अण्णा उठले आणि चपला घालू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई काही अशी येणार नाही. मला रडू फुटलं.

"सुधी, स्वल्प थांब," अक्का भावाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नावं छान पाठ झाली गं तुझी. अट मात्र विसरलीस. त्याची बाजू सांग."

"अण्णांना घरात आणखी एक माणूस नकोय," मी डोळे पुसत म्हटलं.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"लोक काय म्हणतील याची त्यांना भीती वाटते."

"लोकांना कोण विचारतंय," अण्णा पुटपुटले.

"बुजगावणी उभी करू नकोस," अक्का म्हणाल्या. "आधी त्याच्याकडे नीट बघ तरी."

मी बघितलं. अण्णांची नजर खालच्या खोलीच्या बंद दारावर होती. माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, मी या घरात येण्याआधी त्याच खोलीत अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथेच गेल्या. तेव्हापासून अण्णा त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते.

"त्या खोलीतून पुन्हा कण्हणं ऐकू आलं तर तुम्हाला सोसणार नाही," मी म्हटलं. "माझी आई नको, असं नाहीच. पण आणखी एका माणसाला तिथे झिजताना बघायचं नाही तुम्हाला."

अण्णांनी पायातल्या चपला काढल्या. "सरी," ते म्हणाले.

आता माझी पाळी होती. मुद्दे घोटून ठेवले होते, पण त्यांचा चेहरा बघून एकही बोलवेना. अक्का शेंगा सोलत राहिल्या.

शेवटी अण्णाच बोलले. "हिची बाजू मी सांगतो. आईने फोन उचलला नाही की ही हातातलं काम टाकून उभी राहते. पुन्हा पुन्हा लावत राहते. पलीकडून आवाज आला की आधी आईवरच ओरडते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. मला ऐकू येतं सगळं. कौशल्याच्या वेळी निदान मी जवळ तरी होतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर सांगितलं का गं?"

"सरी," मी म्हटलं.

आई आली त्याला आता दुसरं वर्ष. अक्कांचे आभार मानायला गेलं की त्या हातात निवडायची भाजी देतात आणि विषय बदलतात. म्हणून इथे लिहिते. अक्का, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. आत्ता हे लिहिताना माझी आई खालच्या खोलीत खोकते आहे, आणि अण्णा तिच्यासाठी पाणी घेऊन निघाले आहेत.