हँडल उलटं फिरलं

किसन मिस्त्री गेल्याची खबर जिंतूरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने दिली, त्याला आता दीड महिना होईल. ऐकताच मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. हा मरताना कुणाला काही सांगून तर गेला नसेल… हे आलं. मी जन्माचाच संशयी. दुधाने तोंड कधी पोळलं नाही, तरी ताक फुंकून पितो.

लिलावात घेतलेली माझी जुनी जीप किसनशिवाय कुणाला बधत नसे. नांगरटीतून, नाल्यातून हाणली की स्टेअरिंगचे सांधे खिळखिळे व्हायचे आणि चाकांतून ब्रेकचं तेल पाझरायचं. किसन आधी चाकाला आपला एक काळा दगड लावायचा, मगच खाली सरकायचा. मी वर बसून स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचं, तो सांध्यावर नुसता पंजा ठेवून झीज ओळखायचा. ब्रेकमधली हवा काढताना खालून त्याचा आवाज यायचा, "मारा… मारा… धरा!" मी पेडल दाबून धरलं की तो नट सैल करायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आमच्यासारख्या जमीनवाल्यांच्या ओसरीवर किसनच्या वस्तीबद्दल रोज नवी कंडी पिकायची आणि मी ती कान टवकारून ऐकायचो. एकदा आईला घेऊन जिंतूरला किसनकडे गाडी दाखवायला गेलो होतो. मी चहा घेऊन परतलो, तर गाडीखालून किसन त्याच्या बायकोला, कोंडाबाईला सांगत होता, "मालकाच्या गाडीत लय चाल हाय. आज जाऊ देत न्हाई." चाल! म्हणजे डाव! माझं डोकंच फिरलं. तो बाहेर येऊन पाना घ्यायला आत गेला, तशी मी आईला बसवून गाडी काढली.

गावाबाहेरच्या चढावर इंजिन तापलं, म्हणून थांबून खाली उतरलो. मागे पाहतो तर किसन सायकल टाकून, तो काळा दगड दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे पळत येतोय. मी सीटखालचं, इंजिन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल काढलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं.

दगड पडला. आणि आईसकट जीप हळूहळू मागे सरकू लागली. हँडब्रेक नावालाच होता. किसनने पायाने दगड चाकामागे लोटला, गाडी थांबली. मनगट पोटाशी धरून तो खाली बसला. "दगड लावायलो होतो, मालक… मारायलो न्हवतो. ब्रेकचं तेल सांडायलंय, तुमी थांबलाच न्हाई." चाकाखालची माती ओली होती. आणि चाल? सांधा झिजून ढिला झाला की त्यात चाल आली, असं मिस्त्री लोक म्हणतात… एवढंच.

आई म्हणाली, "चुकलो म्हनून तोंडानं सांग त्याला." मी सांगितलं नाही. किसनने मात्र साऱ्या जिंतुरात सांगितलं, गाडी चालू करताना हँडल उलटं फिरलं. मिस्त्री लोकांचे हात असे मोडतातच, सगळ्यांना पटलं.

मला सोडून. हा झाकून का ठेवतोय? कधीतरी डाव साधेल, एखादा नट ढिला सोडेल… पुढे कितीतरी वर्षं त्याने काम केलं की मी घरी येऊन प्रत्येक नट पुन्हा तपासायचो. एकही ढिला निघाला नाही. वाकड्या मनगटाने तो माझ्या गाडीखाली निजत राहिला, पेडलवर माझा पाय असताना. मला लाज वाटते.

परवा भेटायला गेलो, तर कोंडाबाईने तो दगड पुढे केला. "न्या मालक, तुमच्याच गाडीला लागायचा. हँडल उलटं फिरलं तवापासून हात अधू, पर तुमच्या गाडीखाली दुसऱ्याला जाऊ देत न्हवते." माझ्या मनात आलंच, हिला ठाऊक असेल का? दगड घेऊन आलो.

तो आता माझ्या जीपच्या मागच्या चाकाला लावलेला आहे. कोंडाबाईंना वाचता येत नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी जिंतुरात ज्याच्या हाती पडेल, त्याने त्यांना एवढं वाचून दाखवावं… हँडल उलटं फिरलं नव्हतं. मी मारलं होतं.