फुकटचं पाणी

बायडाबाईंचं वीस गुंठे रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठाला. वरच्या अंगाला हंबीररावांचा ऊस, त्याला मोकाट पाणी. ते पाझरून खाली यायचं आणि बाईंच्या रानात मीठ वर काढायचं. नवरा वारला त्या साली रान चुना टाकल्यासारखं पांढरं पडलं होतं. तण उगवेना.

तीन पावसाळे बाईंनी हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला आणि फुलावर येताच हिरवाच मातीत गाडला. शेणखत पाटीनं वाहिलं. पाणी निघून जावं म्हणून बांधाकडेला चर खणला. लोक म्हणायचे, "म्हातारी रानाला खायाला घालतीया, रान काय तिला घालंना."

यंदा माघात कुदळ मारली तर ढेकूळ हातात भुगा झालं. आत गांडूळ. बाईंनी मातीचा कण जिभेवर ठेवला. खारट लागला नाही. उन्हाळी भुईमूग टोकायचा ठरला. जमलं तर यंदाच, गुडघे आणखी तीन वर्षं पुरणार नव्हते.

आधी बाई हंबीररावांकडं गेल्या.

"पानी जरा बेतानं सोडा. खाली माजं रान चिबडतंय."

"आवं काकी, जतची मान्सं टँकरमागं पळत्यात, अन् तुमी पानी नको म्हनताय?"

"मग जतलाच धाडा की!"

हंबीरराव पोट धरून हसले.

भुईमूग टोकून झाला. चौथ्या दिवशी बाई भाचीच्या बाळाच्या बारशाला माधवनगरला गेल्या. दुसऱ्या दुपारी परतल्या तर रानात घोटाभर पाणी. हंबीरराव बांधावर खोरं घेऊन उभे.

"काकी, रान कोरडं दिसलं. त्या दिशी थट्टा केलीसा, पर म्हनलं, बाई मागायला लाजत असंल. चर बुजवला अन् पाटाचं दारं हिकडं फिरवलं. झकास भिजलंय बगा!"

माणूस मनापासून खूश होता. पाणी देणाऱ्याला शिव्या तरी कशा द्यायच्या?

"च्या घेताय?" त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी त्यांनी बी उकरून पाहिलं. कुजून बुळबुळीत झालं होतं. पाडव्यापर्यंत रान पुन्हा पांढरं.

वळवाचे ढग आले तसा धाकटा दीर नाथाजी विचारायला आला, "वैनी, औंदा धैंच्याचं बी किती आणू?"

"नगा आणू, भावजी."

"मग रानाचं कसं?"

"ऱ्हाऊ द्या तसंच."

नाथाजी चपला घालून गेला.