राखणदाराला छप्पर

सोसायटीच्या अध्यक्षाने आमच्या चाळीतल्या काकीला फसवलं. तोंडावर, हात जोडून फसवलं.

घाटकोपरच्या आमच्या चाळीमागे उंबराखाली एक दगड होता. काकीचा देवचार, रात्रभर फिरून राखण करणारा. अमावस्येला ती त्याच्यापुढे वडे, कोंबडीची सागोती, विडी आणि चपलांचा नवा जोड ठेवायची. जुन्या जोडाचे झिजलेले तळ आम्हाला दाखवायची. "बघ रे, रातीचो किती फिरलो!"

शेजारचे मास्तर एकदा म्हणाले, "काकी, राक्षसाला कसले हात जोडता?"

"राकस? तुमच्या देवाक तुमी कुलपात ठेवतास. ह्येच्या जीवार मी दार उघडा टाकून झोपतंय!"

गाऱ्हाणं घालायची तेही रोखठोक. मुलाच्या नोकरीसाठी तिने कोंबडा कबूल केला होता. नोकरी लागली ती कंत्राटी. काकीने दगडापुढे अंडं ठेवलं. "काम अर्धा, तर मान अर्धो. कायमचो कर, मगे कोंबो." आज मी टाइल्सच्या धंद्यात भल्याभल्यांना घाम फोडतो. ती घासाघीस त्या उंबराखाली शिकलो.

चाळ पाडायची ठरली तेव्हा बिल्डरशी बोलणी मीच केली. प्रत्येकाला काहीतरी जादा हवं होतं. काकीची अट एकच. "दगड हलवायचो नाय आणि वर छप्पर घालूचा नाय. राखणदार घरात बसलो तर राखण कोण करतलो?" अध्यक्षाने सगळ्यांदेखत तिचे हात धरले. "काकी, शब्द देतो." त्या शब्दावर तिने सही केली.

ताबा मिळाला तेव्हा उंबर नव्हता. तिथे काचेच्या दाराचं देऊळ होतं. आत संगमरवरी मूर्ती, बाहेर पाटी: मांसाहारी नैवेद्य आणू नये. अध्यक्ष म्हणाला, "तुमचा दगड मूर्तीखालीच बसवलाय, काकी. प्रमोशन झालं त्याचं!" कमिटी खो-खो हसली. काकी काचेला कपाळ लावून उभी राहिली. "ह्यो तो न्हय," एवढंच म्हणाली. त्यानंतर शेवटपर्यंत ती दोन्ही कड्या लावून झोपली, आणि तरी दचकून उठायची.

ती गेल्यावर मी देवळाची फरशी बसवणाऱ्याला गाठलं. धंद्यातली माणसं मला खोटं सांगत नाहीत. मूर्तीखाली नुसतं सिमेंट आहे. दगड पाडकामाच्या पहिल्याच दिवशी डंपरमध्ये गेला.

अध्यक्षसाहेब, येत्या मीटिंगला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. काकी नाही म्हणून सुटलात असं समजू नका. लिफ्टचं, पाण्याचं नंतर बोला. आधी उभे राहा आणि सांगा, तिचा देवचार कुठल्या खाडीत फेकलात?