गळवावर बांधलेलं पागोटं

अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि पैसा वऱ्हाडात आला. त्या वेळी मी शेंदूरजन्याकडच्या खेड्यांतून कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात आणत असे. गाडी माझी, बैल माझे, भांडायला घसाही माझाच. भाव पाडून मागणाऱ्याला मी बैलांसमोर उभा करून बोलत असे. एवढं असूनही जुन्या दलालांच्या बैठकीत माझी जागा दाराशी, जोड्यांजवळ. ते आत गादीवर, लोडाला टेकून. भाव तिथं हळू आवाजात ठरायचा आणि दारापर्यंत पोचेस्तोवर शिळा व्हायचा. मला गादीवर बसायचं होतं.

गादीवरच्या सगळ्यांच्या डोक्यावर तांबडं पागोटं होतं, म्हणून मीही जरीकाठाचं तांबडं पागोटं घेतलं. बैठकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या दलालानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गा, घरी लगन हाये का?"

गादी हसली. त्यांची पागोटी जुनी, रंग उतरलेली होती. नवेपणा हाच माझा गुन्हा होता. रंग उतरावा म्हणून मी घरी जाऊन पागोटं खाराच्या पाण्यात बुडवलं आणि उन्हात वाळत घातलं. पुढच्या बाजाराला तोच म्हातारा म्हणाला, "धंदा बसला वाटते बिचाऱ्याचा."

त्याच उन्हाळ्यात माझ्या उजव्या कानामागं गळू आलं. नेमका तेव्हाच अकोल्याला जाऊन तिथल्या एका व्यापाऱ्याशी सौदा करायचा होता. पागोट्याचा वेढा गळवावर टेकला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. म्हणून मी सगळं पागोटं डावीकडं कलतं बांधलं, उजवा कान उघडा ठेवला आणि गळू दिसू नये म्हणून पागोट्याचा लोंबता शेमला कानामागून पुढं खांद्यावर सोडला. ठणका इतका होता, की मान ताठ धरावी लागे. त्या ठणक्यातच मी सौदा केला, आणि असा केला की व्यापारी घाम पुसत होता.

त्याच्या तरण्या मुलाचं लक्ष मात्र माझ्या डोक्याकडं. "अमरावतीले आता असंच बांधतेत का, काका?"

गळू ठणकत असताना मला कोणी प्रश्न विचारलेले खपत नाहीत. "ज्याले समजते तो बांधते," असं म्हणून मी गाडी जुंपली.

गळू फुटलं, बरं झालं. पावसाळा मी गावी काढला. दसऱ्यानंतर नवा कापूस घेऊन बैठकीच्या दारात उभा राहिलो, तर गादीवरची सगळी डोकी डावीकडं कललेली. सगळ्यांचे उजवे कान उघडे, शेमले खांद्यावर, माना ताठ. आणि मी सरळ पागोट्यात.

"अजून सरळच बांधून राहिला का गा?" म्हातारा म्हणाला. "अकोल्याचे मोठे लोक असं बांधतेत. बाहेरगावच्याले हे कळाले वेळ लागते."

"अरे, ते माह्यं गळू होय," मी म्हणालो.

"काय होय?"

"गळू. इथं, कानामागं. ते दुखे म्हणून मी तसं बांधलं होतं. तुमी सारे माह्यं गळू डोक्यावर घेऊन बसले."

माझा आवाज चढला, तशी बाहेरची गाडीवाली माणसं दारात जमली. मी कान वाकवून व्रण दाखवला. कोणी उठून पाहिलं नाही. म्हाताऱ्याशेजारचा दलाल समजूत घालायला लागला, "भाऊ, रागावता काहून? तुमीही बांधा तसं, मंग बसा गादीवर."

ही मात्र सौद्याची भाषा होती. मी आवाज खाली आणला. "बांधतो. पण लोडाजवळ बसीन."

"गादीच्या कोपऱ्यात बसा."

"लोड."

"बरं, मधात."

मधल्या जागेवर ठरलं. मी तिथंच पागोटं सोडलं आणि अकोल्याला बांधलं होतं अगदी तसं बांधून गादीवर चढलो. म्हाताऱ्यानं मान कलती करून पाहिलं, मग हात लांबवून माझा शेमला बोटभर मागं सारला.

"आता जमलं," तो म्हणाला. "शिकसान हळूहळू."

तेव्हापासून भाव मला ताजा ऐकू येतो. पण ती बांधणी अकोल्याच्या कुण्या रईसानं काढली, असं ते अजून सांगतात, आणि मी गादीवर बसून ते ऐकतो. व्रण कानामागं अजून आहे. ज्याला खात्री करायची असेल त्यानं दिवसाउजेडी यावं, मी पागोटं काढून दाखवीन.